आवाजाचे पैसे वेगळे

जुन्या संगणकात बिघडण्यासारखं तसं थोडंच असतं. चिप्स हलत नाहीत, झिजत नाहीत. चाळीस वर्षं माळ्यावर पडून राहिल्या तरी बऱ्याचदा वीज मिळताच निमूट कामाला लागतात. हलतो तो फ्लॉपी ड्राइव्ह. त्यात डिस्क फिरवणारी एक मोटर, हेड सरकवणारी दुसरी मोटर, रबरी पट्टा, स्प्रिंगा, वाळून चिकट झालेलं वंगण आणि या सगळ्यांच्या मधोमध ते हेड. त्या हेडला धूळ चालत नाही, केस चालत नाही, बोट चालत नाही. त्यामुळे जुन्या होम कॉम्प्युटरची हौस असलेला माणूस चारचौघांत ‘मी रेट्रो कॉम्प्युटिंग करतो’ असं सांगत असला, तरी प्रत्यक्षात तो फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करत असतो. संगणक त्याच्याकडे असतो तो केवळ ड्राइव्ह दुरुस्त झाला की नाही हे बघायला.

माझा मावसभाऊ या पंथातला. वयाने थोरला, म्हणून दादा. इंग्लंडात राहतो आणि दिवसा एका बँकेच्या सर्व्हरांची देखभाल करतो. तिथे एखादं पान उघडायला तीन सेकंद लागले तर रात्री दोन वाजता फोन खणखणतो, आणि दादा अंथरुणात उठून बसून कुणाला तरी ‘हे अजिबात चालणार नाही’ असं अत्यंत सभ्य इंग्रजीत सुनावतो. हाच दादा शनिवारी सकाळी कमोडोर ६४ नावाच्या जुन्या संगणकापुढे बसतो. लोड, अवतरणचिन्हांत फुली, स्वल्पविराम, आठ, स्वल्पविराम, एक, एवढं टंकतो आणि चहा टाकायला जातो. आलं किसून होतं, चहा उकळतो, गाळला जातो, तो कप घेऊन परत येतो, तरी पडद्यावर ‘लोडिंग’ हाच शब्द असतो. दादाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान दिसतं ते बँकेने पगारवाढ दिली तेव्हाही दिसलं नव्हतं.

दादाच्या फ्लॉपी ड्राइव्हचं नाव १५४१. कमोडोर ६४ आणि तो, दोघेही १९८२चे. बिस्किटी रंगाचा, पोळपाटापेक्षा वजनाने बराच जास्त असा हा डबा. गंमत अशी, की हा नुसता ड्राइव्ह नाही, स्वतंत्र संगणकच आहे. त्याला स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आहे, १ मेगाहर्ट्झचा. स्वतःची २ किलोबाइट रॅम आहे, १६ किलोबाइट रॉम आहे. म्हणजे टेबलावर जवळपास सारख्याच बुद्धीचे दोन प्राणी शेजारी शेजारी बसलेले आणि त्यांच्यामध्ये एक वायर. इतकी बुद्धी असूनही त्यांचा संवाद चालतो सेकंदाला सुमारे ४०० बाइट या वेगाने. ४० किलोबाइटचा खेळ यायला पावणेदोन मिनिटं लागतात.

इतका मंदपणा आपोआप येत नाही. त्याला पिढीजात परंपरा लागते. कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० संगणकात ड्राइव्हशी भराभर बोलण्याचं काम ६५२२ नावाच्या चिपवर सोपवायचं ठरलं होतं. त्या चिपच्या नेमक्या त्याच भागात दोष निघाला. मग ते काम सॉफ्टवेअरने, एकेक बिट हातावर मोजून द्यावा तसं, सुरू झालं. पुढे कमोडोर ६४ आला. त्यात नवी, निर्दोष चिप होती. पण जुन्या उपकरणांशी जुळायला हवं म्हणून बोलण्याची पद्धत जुनीच ठेवली. त्यात भर म्हणजे कमोडोर ६४ मधली चित्रं काढणारी चिप अधूनमधून प्रोसेसरला थांबवून मेमरी स्वतः वापरते. प्रोसेसर थांबलेला असताना आलेला बिट हुकतो. यावर उपाय काय काढला? ड्राइव्हला आणखी हळू बोलायला सांगितलं. व्हिक-२० साठीचा आधीचा ड्राइव्ह १५४०, नंतरचा १५४१. आणि नंतरचा आधीच्यापेक्षा मंद. जगात नवी आवृत्ती जुनीपेक्षा हळू चालण्याची प्रथा पुढे बरीच रुजली, पण १५४१ चा प्रामाणिकपणा असा, की ‘यूआय वजा’ ही आज्ञा दिली की तो पुन्हा जुन्या वेगावर येतो. आजच्या फोनला अशी आज्ञा देता येत नाही.

आता त्याच्या आवाजाविषयी. डिस्कवर ३५ ट्रॅक असतात, एकात एक वर्तुळं. हेड सध्या कोणत्या ट्रॅकवर आहे हे ड्राइव्हला कळायला हवं. त्यासाठी इतर बऱ्याच ड्राइव्हमध्ये एक छोटा सेन्सर असतो: हेड अगदी कडेच्या ट्रॅकवर पोचलं की तो खूण देतो. सुरुवातीच्या १५४१ मध्ये हा सेन्सरच नाही. रात्री वीज गेल्यावर आपण हात पुढे करून भिंत लागेपर्यंत चालत जातो आणि मग दार कुठे असेल याचा हिशेब करतो, तसा हा हेड मागे ढकलत राहतो. कडेची खुंटी आली तरी ढकलतोच, कारण आली हे त्याला कळणार कसं? मोजलेली पावलं पुरी होईतो हेड खुंटीवर आपटत राहतं. कड्-कड्-कड्-कड्-कड्. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे ते लोक पन्नाशीतसुद्धा तो ऐकून एकदम बारा वर्षांचे होतात. ज्यांनी ऐकला नाही ते प्लग काढायला धावतात.

या आपटण्याने कालांतराने हेड जागेवरून हलतं. त्यातही खेळ विकणाऱ्या कंपन्यांनी एक बहार केली. नक्कल होऊ नये म्हणून त्या डिस्कवर मुद्दाम चुकीचे सेक्टर ठेवत. खेळ सुरू होताना प्रोग्रॅम तो सेक्टर वाचायला सांगे आणि चूक मिळाली तरच डिस्क अस्सल मानत असे. चूक आली की ड्राइव्ह आपल्या स्वभावाला अनुसरून हेड खुंटीवर आपटून पुन्हा प्रयत्न करणार. म्हणजे पैसे मोजून अस्सल डिस्क आणणाऱ्याचा ड्राइव्ह रोज मार खाणार, आणि ज्याने मित्राकडून कुलूप तोडलेली प्रत आणली त्याचा ड्राइव्ह शांतपणे म्हातारा होणार. नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण लावायला हरकत नाही.

हेड जागेवर आणणं याला अलाइनमेंट म्हणतात, आणि या छंदातलं खरं तत्त्वज्ञान इथे सुरू होतं. हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरचे स्क्रू किंचित सैल करायचे, मोटर केसभर फिरवायची, पुन्हा आवळायचे. आवळताना ती केसभर परत फिरते. मग पुन्हा सैल. कारखान्यात हे काम खास तयार केलेल्या अलाइनमेंट डिस्कवर आणि ऑसिलोस्कोपवर होत असे. पडद्यावर मांजराच्या डोळ्यांच्या आकाराच्या दोन लाटा सारख्या उंचीच्या दिसल्या की झालं. घरी हे काम श्वास रोखून होतं.

दादाने एका गावच्या कार बूट सेलमधून असाच एक ड्राइव्ह आणला. इंग्लंडात लोक रविवारी पटांगणात गाडी लावतात, डिकी उघडतात आणि घरातली अडगळ विकतात. ती दुसऱ्याच्या घरात अडगळ म्हणून जाते. ड्राइव्हबरोबर आधीच्या मालकाच्या डिस्कची पेटीही मिळाली. पहिल्या दिवशी त्या ड्राइव्हने पेटीतल्या सगळ्या डिस्क वाचल्या, पण दादाच्या अस्सल खेळांपैकी एकही वाचला नाही. दादाने निदान केलं: हेड हललंय. पूर्ण आठवडा रात्री बसून त्याने ते जागेवर आणलं. मी तेव्हा त्याच्याकडे उतरलो होतो.

“आता हा ड्राइव्ह शंभर टक्के बरोबर आहे,” दादा म्हणाला.

“मग पेटीतल्या डिस्क वाचत का नाही?”

“डिस्क चुकीच्या आहेत.”

“सोमवारी वाचत होता ना?”

“सोमवारी ड्राइव्हही चुकीचा होता.”

यात खोट काही नव्हती. आधीच्या मालकाचा ड्राइव्ह वर्षानुवर्षं हळूहळू सरकत गेला होता, आणि त्या काळात लिहिलेली प्रत्येक डिस्क त्याच तिरकेपणाने लिहिली गेली होती. त्या दोघांचं आपसात छान चाललं होतं. बाहेरच्या कुणाचं म्हणून काही वाचता येत नव्हतं एवढंच. दादाने ड्राइव्हला सरळ केलं, आणि त्याचा स्वतःच्या भूतकाळाशी संबंध तुटला. मग त्याने जे केलं ते मी आजवर कुठल्या मेकॅनिकला करताना पाहिलं नव्हतं. बरोबर केलेला ड्राइव्ह त्याने मोजूनमापून पुन्हा बिघडवला. आधी जितका बिघडलेला होता नेमका तितकाच. बिघडवायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण बरोबर असण्याची जागा एकच असते आणि चुकीच्या जागा अगणित. शेवटी डिस्क वाचल्या गेल्या. त्यांत काय होतं? एका मुलाने बेसिकमध्ये लिहिलेला दोन ओळींचा प्रोग्रॅम. ओळ १० आपल्या बहिणीला मठ्ठ म्हणते आणि ओळ २० पुन्हा ओळ १० वर जायला सांगते. पडदा भरून बहिणीचा उद्धार. दादाने त्याची प्रत काढून घेतली, नीट नाव देऊन जपून ठेवली, आणि ड्राइव्ह पुन्हा दुरुस्त करायला घेतला.

डिस्क मिनिटाला ३०० फेरे घेते, आणि तो वेग अचूक आहे की नाही हे बघण्याची जुनी युक्ती फार देखणी आहे. ड्राइव्ह उलटा केला की खालच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळं दिसतात. एक ५० हर्ट्झ विजेच्या देशांसाठी, दुसरं ६० हर्ट्झच्या. ट्यूबलाइटचा उजेड विजेच्या तालावर लुकलुकतो. चाकाचा वेग बरोबर असला की त्या उजेडात रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. पुढे सरकत असल्या तर वेग जास्त, मागे सरकत असल्या तर कमी. एक बारीक स्क्रू फिरवायचा आणि रेघा थांबवायच्या. कुठलंही उपकरण लागत नाही, फक्त ट्यूबलाइट लागते.

आणि दादाच्या घरात ट्यूबलाइट नव्हती. पर्यावरणाच्या काळजीने त्याने सगळीकडे एलईडी लावले होते. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूबही चालत नाही, कारण ती सेकंदाला हजारो वेळा लुकलुकते आणि चाकाला त्यातलं काही कळत नाही. वेग मोजणारे प्रोग्रॅम असतात, पण दादाच्या मते बिघडलेल्या ड्राइव्हला स्वतःची तब्येत विचारण्यात अर्थ नाही. मी निघण्याआधी पुण्याहून फोन केला.

“दादा, येताना काय आणू? बाकरवडी?”

“बाकरवडी इथे मिळते रे. चोक आण. तांब्याचा. गुरगुरणारा.”

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने आधी इलेक्ट्रॉनिक चोक पुढे केला. “हा घ्या साहेब, आवाज नाही, लुकलुक नाही, वीज कमी.” मी म्हटलं, मला लुकलुकणाराच हवाय. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग पोऱ्याला माळ्यावर चढवलं. विमानतळावर सुरक्षा तपासणीत तो जड लोखंडी ठोकळा आणि त्यातून निघालेल्या वायरी पडद्यावर दिसल्यावर बॅग उघडायला लावली. हे काय? चोक. कशासाठी? ट्यूबसाठी, एवढंच मी सांगितलं. बहात्तरशे किलोमीटर, की किती ते, ओलांडून कमोडोरच्या चाकावरच्या रेघा थांबवायला चाललोय, हे सत्य सांगण्याची ती जागा नव्हती.

सुदैवाने दादाच्या घरी वहिनी आहे, आणि वहिनी दंतवैद्य आहे. हौशी मंडळींच्या घरच्यांविषयी जे विनोद चालतात ते इथे लागू पडत नाहीत, कारण हेड साफ करायचं काम दादा तिच्याकडेच सोपवतो. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कोनातला छोटा आरसा आणि न थरथरणारा हात. दुहेरी बाजूच्या ड्राइव्हमध्ये हेडं दोन असतात, एकावर एक, आणि नवशिक्या माणसाला खालचं साफ करण्यासाठी वरचं बोटाने उचलावंसं वाटतंच. उचललं की त्याची पानासारखी पातळ स्प्रिंग वाकते आणि ड्राइव्ह संपतो. वहिनी दादाला टेबलाजवळ उभं राहू देते, पण हात मागे बांधायला लावते. “दुखेल असं काही करत नाहीये मी,” असं ती सवयीने ड्राइव्हला सांगते. वंगण फक्त सरकत्या दांड्यांना. जुनं, मेणचट झालेलं खरवडून काढायचं आणि मगच नवं लावायचं. हेडला वंगण लावणारे लोकही या जगात आहेत, पण त्यांच्याविषयी दादाच्या घरी बोलत नाहीत.

ॲमस्ट्रॅडच्या यंत्रांचं दुखणं वेगळं. सगळं जग साडेतीन इंची फ्लॉपीकडे निघालं असताना ॲलन शुगर यांच्या या ब्रिटिश कंपनीने १९८५च्या सुमारास सीपीसी ६१२८ आणि पीसीडब्ल्यू ८२५६ मध्ये ३ इंची डिस्क घातली. डिस्क दणकट, जाड प्लॅस्टिकची. कॅसेटप्रमाणे उलटून दुसरी बाजू लावायची. बिघडतो तो ड्राइव्हमधला रबरी पट्टा. काही वर्षांनी तो सैल होतो, आणखी काही वर्षांनी वितळून डांबर होतो. म्हणजे ड्राइव्ह उघडल्यावर पट्टा सापडत नाही. पट्ट्याची आठवण सगळ्या चाकांवर सारवलेली सापडते. ती काढताना बोटं काळी होतात, मग बोटांनी नाक, नाकाने रुमाल. नवा पट्टा घालायला पाच मिनिटं, जुना काढायला संध्याकाळ. आणि याच यंत्रांत वीजजोडणीच्या चार तारांमध्ये ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट यांच्या जागा बाकीच्या जगाच्या बरोब्बर उलट आहेत. पट्ट्याचा कंटाळा येऊन कुणी साडेतीन इंची ड्राइव्ह लावायला गेला आणि तारा तशाच जोडल्या, तर त्याला धूर दिसतो.

धुराचा विषय निघालाच आहे तर ॲपलचंही सांगून टाकतो. स्टीव्ह वॉझ्निआकने १९७८ मध्ये बनवलेला डिस्क टू हा ड्राइव्ह मोजक्या चिप्समध्ये एवढं काम करतो की अभियंते आजही त्याचं सर्किट कौतुकाने बघतात. फक्त त्याची चपटी केबल लावताना एक पिन इकडेतिकडे झाली की आतली ७४एलएस१२५ ही चिप जळते. केबल उलटी लागू नये अशी खाच ठेवायला हवी होती, हे सगळ्यांना मान्य आहे. जाणती मंडळी ती चिप जास्तीची आणून ठेवतात.

एवढं सगळं झाल्यावर कुणाच्याही मनात येईल, की हा ड्राइव्ह काढून टाकून दुसरं काही का बसवत नाहीत? बसवतात. त्याला अपग्रेड म्हणतात, आणि दुरुस्तीपेक्षा त्यातच माणूस जास्त उघडा पडतो.

सर्वांत आधी वेग. १५४१ला स्वतःचा प्रोसेसर असल्याने त्याच्या २ किलोबाइट रॅममध्ये वायरीतून नवा प्रोग्रॅम ढकलता येतो, त्याला भराभर बोलायला शिकवता येतं. १९८४ मधलं एपिक्स फास्ट लोड हे कार्ट्रिज हेच करायचं. (त्याच सोयीचा फायदा घेऊन काही महाभागांनी हेडच्या मोटरकडून गाणी वाजवून घेतली.) पुढे जिफीडॉस आलं: संगणकातली एक रॉम चिप आणि ड्राइव्हमधली एक बदलायची, आणि ड्राइव्ह दहापट चपळ. ही चिप बसवताना तिच्याबरोबर एक छोटा खटका येतो. खटका दाबला की जुनी रॉम चालू आणि यंत्र पूर्ववत मंद. दादाने दोन्ही चिप्स मागवल्या, बसवल्या, वेग बघून खूश झाला, आणि आता खटका कायम जुन्या बाजूला असतो.

“मग बसवली कशाला?”

“वेगात जाऊ शकतो हे माहीत असावं. जायलाच हवं असं नाही.”

मग गोटेक. चीनमध्ये बनणारा हा डबा मुळात हौशी लोकांसाठी नव्हताच. भरतकामाची यंत्रं, कारखान्यातली सीएनसी यंत्रं, जुने सिंथेसायझर अशा फ्लॉपीवर अडून बसलेल्या महागड्या यंत्रांसाठी होता. आकार साडेतीन इंची ड्राइव्हचा, तोंडात फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह. संगणकाला वाटतं फ्लॉपीच आहे. दर्शनी बाजूला तीन आकडे आणि दोन बटणं: ००० ते ९९९, म्हणजे हजार डिस्क एका अंगठ्याएवढ्या काडीत. हौशी मंडळींना ते सापडलं, त्यातलं मूळ सॉफ्टवेअर काढून फ्लॅशफ्लॉपी नावाचं फुकट आणि फार सरस सॉफ्टवेअर घातलं गेलं, आणि अमिगापासून स्पेक्ट्रमपर्यंत सगळ्या संगणकांचे ड्राइव्ह एका रात्रीत निवृत्त होऊ शकले असते.

पण हजार डिस्कांत ६४७ वर कोणता खेळ आहे हे कोण लक्षात ठेवणार? म्हणून छोटा ओएलईडी पडदा आला. दोन बटणं दाबून दाबून बोट दुखतं, म्हणून फिरवायची खुंटी आली. आणि मग दादासारख्यांच्या लक्षात आलं, की काहीतरी चुकतंय. खेळ येतोय, बरोबर येतोय, पण येताना गप्प येतोय. हेड नाही, मोटर नाही, कड्-कड् नाही. काम होतंय की नाही हेच कळत नाही. म्हणून गोटेकला एक चिमुकला स्पीकर जोडायची सोय झाली. हेड एक पाऊल सरकलं असतं तेव्हा तो ‘टिक्’ करतो. पाऊल नाही, हेड नाही, फक्त टिक्. तोही फुकट नाही. स्पीकर बसवलेला गोटेक घ्यायचा तर आवाजाचे पैसे वेगळे.

अमिगा ५०० वाल्यांची यात फारच पंचाईत. अमिगाचा ड्राइव्ह रिकामा असला की कुणी डिस्क घातली का हे बघायला दर थोड्या वेळाने स्वतःहून टक् करतो. रात्रभर चालू ठेवला तर रात्रभर टक्. नव्वदच्या दशकात लोकांनी त्यावर वैतागून ती टकटक बंद करणारे खास प्रोग्रॅम लिहिले. आज त्याच लोकांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, त्या टिकटिकीसाठी स्पीकर बसवलेत.

आणि अपग्रेडचा कळस म्हणजे पाय-१५४१. काही खेळ १५४१च्या अंतरंगाशी एवढी लगट करतात की साधी नक्कल त्यांना पटत नाही. ड्राइव्हने प्रत्येक मायक्रोसेकंदाला नेमकं काय केलं असतं ते तसंच व्हावं लागतं. त्यासाठी रास्पबेरी पाय ३ लावतात: चार कोअरचा, १.२ गिगाहर्ट्झचा संगणक, १ गिगाबाइट रॅम, म्हणजे मूळ ड्राइव्हच्या पाच लाखांहून अधिक पट. हा एवढा बलदंड गडी वायरीच्या टोकाला बसून एक मेगाहर्ट्झचा मंद प्राणी असल्याचं सोंग आणतो, आणि सोंग इतकं हुबेहूब, की सेकंदाला ४०० बाइटच देतो. दादाला मी म्हटलं, बँकेत तू कुणाला असं काही करताना पकडलंस तर काय करशील? तो म्हणाला, “बढती देईन.”

जपानचे तेव्हाचे डिजिटल मंत्री तारो कोनो यांनी २०२२ मध्ये फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. हजाराहून अधिक सरकारी नियमांतून फ्लॉपी हुडकून काढून २०२४च्या उन्हाळ्यात त्यांनी विजय जाहीर केला. सोनीने तर २०११ मध्येच फ्लॉपी बनवणं थांबवलं होतं. ज्या दिवशी जपानच्या युद्धाची बातमी आली त्या दिवशी दादाने कोऱ्या डिस्कचा एक खोका मागवून ठेवला. युद्धात पुरवठा तुटतो, असं त्याचं म्हणणं.

आपल्याकडे होम कॉम्प्युटर फार घरांत पोचले नाहीत. १९८४ नंतर सरकारच्या ‘क्लास’ योजनेत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो काही शाळांत आले; अनेकांची संगणकाशी पहिली ओळख अशा वातानुकूलित खोलीच्या दाराशी चपला काढून झाली. फ्लॉपी मात्र नंतर पीसीबरोबर सगळ्यांच्या आयुष्यात आली. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या शर्टाच्या खिशात ती पेनाशेजारी असायची, आणि ‘सर, फ्लॉपी करप्ट झाली’ हे वाक्य एका पिढीने जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा ती खरोखर करप्ट झाली असेल असं वाटत नाही.

दादाच्या कॉलेजातल्या सव्वापाच इंची फ्लॉप्या रत्नागिरीला मावशीच्या माळ्यावर होत्या. कोकणातले तीसेक पावसाळे त्यांनी तिथे काढले. मी त्या नेऊन दिल्या तेव्हा डिस्कवर पांढऱ्या बुरशीची नक्षी उमटली होती. अशी डिस्क तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या प्रत्येक डिस्कला ओरखडते. दादा मात्र हरखला. इंग्लंडातल्या त्याच्या मित्रांकडे इतकी जातिवंत बुरशी नव्हती. वहिनीने पाकिटाची कड कापून आतली काळी चकती अलगद बाहेर काढली, सौम्य साबणाच्या पाण्याने धुतली, पुसली, सुकवली, आणि नव्या पाकिटात घातली. मग जुना पीसी ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल नावाचं छोटं सर्किट. हे सर्किट डिस्कवरच्या फायली वाचत बसत नाही. चुंबकीय खुणाच जशाच्या तशा टिपून घेतं आणि अर्थ नंतर लावतं.

बहुतेक फ्लॉप्या गेल्या होत्या. एक मात्र पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत निर्दोष निघाली. वर्डस्टारमध्ये टंकलेला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट. दादाचे डोळे चमकले. पहिलं पान उघडलं. विषय तोच, वर्ष तेच, गाईडचं नाव तेच. विद्यार्थ्याचं नाव मात्र त्याच्या वर्गमित्राचं.

वहिनीने हातमोजे काढत काढत दादाकडे पाहिलं. दादाने लगेच नागपूरला त्या मित्राला फोन लावला, बहुधा तीस वर्षांनी श्रेय द्यावं म्हणून.

“अरे, तो माझा कुठला?” मित्र म्हणाला. “आमच्या सीनियरचा होता. मी नाव बदललं फक्त. पण काय रे, त्यात कन्क्लूजनचं प्रकरण आहे का? माझ्या फ्लॉपीवर ते करप्ट होतं.”

दादा शेवटच्या पानावर गेला. ‘कन्क्लूजन’ असा ठळक मथळा होता, त्याखाली एक रेघ होती, आणि फाइल संपली होती.